मातीच्या भिंतीची साक्ष
(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलत आले आहेत. यंदा कार्यकारी मंडळाने ही जबाबदारी आमच्यासारख्या बँकेतल्या एका कारकुनावर टाकली. आमचे शिक्षण कला शाखेच्या पदवीपर्यंतचे आणि रोजचा व्यवहार जमा-नावे लिहिण्याचा. तेव्हा आपण आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. एक हकीगत तेवढी सांगावी म्हणून आम्ही उभे आहोत.

ही हकीगत आहे इंग्लंडमधल्या एका खेड्यातील मातीच्या प्रार्थनागृहाची. ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनागृह, तेही सातासमुद्रापलीकडचे. त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणाच्याही मनात येईल. आमच्याही मनात आले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासवर्गात या गावाचे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले आणि एक ओळ वहीत टिपून घेऊन विसरून गेलो. पुढे आमच्या हातून एक चूक घडली, तेव्हा ती ओळ पुन्हा आठवली. त्या चुकीविषयी शेवटी बोलू. आधी गाव पाहू.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तेथे टॉलपडल हे लहानसे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील शेतमजुरांची स्थिती फार हलाखीची होती. जमीन मूठभर जमीनदारांची, आणि राबणारे हात मजुरांचे. आठवड्याची मजुरी दहा शिलिंग असे. ती नऊवर आली, मग आठवर, मग सातवर. आणि आता ती सहा होणार, असे मजुरांना ऐकविण्यात आले. बायको आणि तीन मुले घेऊन सात शिलिंगांत जगता येत नाही, हे जॉर्ज लव्हलेस या नांगरणाऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो रोज तेच जगत होता. मजूर आपल्या मालकांकडे गेले. आजूबाजूच्या भागात मिळते तेवढी मजुरी आपल्यालाही मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. लव्हलेसने लिहून ठेवले आहे, की गावच्या धर्मगुरूच्या समक्ष तसा शब्द देण्यात आला होता. पण वेळ आली तेव्हा त्या धर्मगुरूने आपण असे काही ऐकलेच नसल्याचे सांगितले.

गरिबाला दिलेल्या तोंडी शब्दाचे मोल किती, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

याआधी १८३० साली दक्षिण इंग्लंडच्या मजुरांनी मळणीयंत्रे फोडली होती, गंजी पेटविल्या होत्या. त्याची शिक्षा म्हणून काही फासावर गेले, शेकडो हद्दपार झाले. टॉलपडलच्या मजुरांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी १८३३ साली शेतमजुरांची एक सहाय्यक संस्था स्थापली. प्रवेश फी एक शिलिंग आणि आठवड्याची वर्गणी एक पेनी. नियम लेखी केले. हिंसेच्या कोणत्याही कृत्याने आपले काम साधणार नाही, हेही त्या नियमांत स्पष्ट लिहिले होते.

आता आपण विचार करा. सात शिलिंगांवर राबणाऱ्या मजुरांना लेखी नियम करण्याची, वर्गणीचा हिशेब ठेवण्याची, चार माणसांत उभे राहून नीट बोलण्याची सवय कोठून आली? शाळा त्यांच्यासाठी नव्हती. गावच्या जुन्या चर्चमध्ये बोलण्याचा अधिकार धर्मगुरूचा. मजुराने फक्त ऐकायचे. या प्रश्नाचे उत्तर त्या मातीच्या प्रार्थनागृहात आहे.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मेथॉडिस्ट नावाचा पंथ निघाला. अधिकृत चर्चमध्ये ज्यांना खालची जागा होती, अशी खाणकामगार, विणकर, शेतमजूर मंडळी या पंथाकडे मोठ्या संख्येने वळली. या पंथात लहान लहान गट असत. प्रत्येक गटाचा एक प्रमुख असे. गट ठराविक दिवशी जमे, प्रत्येकजण आपली छोटी वर्गणी देई आणि तिची नोंद होई. साधा मजूरही उपदेशक होऊ शकत असे; मात्र त्यासाठी त्याला वाचावे लागे. टॉलपडलच्या मेथॉडिस्टांनी १८१८ साली आपल्यासाठी एक लहान प्रार्थनागृह बांधले. लव्हलेस कुटुंब या मंडळींपैकीच. जॉर्ज लव्हलेस पुढे याच पंथाचा स्थानिक उपदेशक झाला. दिवसा नांगर आणि रात्री पुस्तक, असा त्याचा क्रम होता. पोटाला चिमटा घेऊन त्याने थोडी पुस्तके जमविली होती.

म्हणजे मजुरांची संघटना १८३३ साली जन्मली असे इतिहास सांगत असला, तरी तिचे बाळसे त्या खोलीत पंधरा वर्षे धरले जात होते. उठून बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, ठराव करणे, पेनी-पेनीचा हिशेब देणे, हे सगळे ते लोक तेथे शिकले. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर संघटना हे व्याज होते. मुद्दल त्या खोलीत होते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. जमीनदार आणि दंडाधिकारी असलेल्या जेम्स फ्रॅम्प्टन यांना मजुरांची ही एकी खुपली. संघटना करणे तोवर बेकायदा राहिले नव्हते. मजुरांच्या एकजुटीवर बंदी घालणारे जुने कायदे १८२४ सालीच रद्द झाले होते. मग आडवळणाने एक कायदा शोधण्यात आला. नौदलातील बंडानंतर १७९७ साली गुप्त शपथांविरुद्ध एक कायदा झाला होता. टॉलपडलचे मजूर सभासद होताना शपथ घेत, तेवढा धागा धरून २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना पकडण्यात आले आणि सात मैल चालवत डॉर्चेस्टरला नेण्यात आले. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, त्यांचा मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राईन, ही ती सहा नावे. यांतील पाच मेथॉडिस्ट होते. मार्चमध्ये खटला उभा राहिला आणि सहाही जणांना सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. गुन्हा शपथेचा, आणि शिक्षा एकीची.

त्यांना साखळदंड घालून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला कैद्यांच्या वसाहतींत पाठविले. घरी बायका-मुले उपाशी. त्यांनी गावनिधीतून मदत मागितली तर तीही नाकारण्यात आली. पण इंग्लंडचा कामगार जागा झाला. २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज नेला होता असे सांगतात. गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांनी तो त्या दिवशी स्वीकारला नाही. तरीही चळवळ थांबली नाही. कामगारांनी वर्गणी काढून त्या सहा घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. अखेर मार्च १८३६ मध्ये सरकारला संपूर्ण माफी द्यावी लागली. १८३७ ते १८३९ या काळात सहाही जण परतले. त्यांपैकी पाच पुढे कॅनडात स्थायिक झाले. जेम्स हॅमेट तेवढा टॉलपडलला राहिला. १८९१ साली डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात त्याचा शेवट झाला.

बंधू-भगिनींनो, येथून पुढे आमचा मुख्य विषय सुरू होतो. या घटनेशी जोडलेल्या जागांचे पुढे काय झाले?

ज्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाली, ते डॉर्चेस्टरचे न्यायालय दगडी, सरकारी आणि भक्कम. ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होते आणि २०१८ साली तेथे संग्रहालय उघडले. ज्या झाडाखाली मजूर जमत असत असे मानतात, ते जुने झाड गावात अजून आहे आणि त्याची निगा राखली जाते. १९१२ साली गावातल्या नंतरच्या, विटांच्या प्रार्थनागृहापुढे स्मारक कमान उभारली. १९३४ साली, शंभर वर्षे झाली तेव्हा, ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने निवृत्त शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. एकेका घराला एकेका हुतात्म्याचे नाव दिले. हॅमेटच्या थडग्यावर नवी शिळाही बसविली. दरवर्षी जुलैमध्ये तेथे कामगारांचा मेळावा भरतो.

आणि १८१८ चे ते मूळ प्रार्थनागृह? तेथली प्रार्थना कधीच थांबली होती आणि त्याचा शेतीच्या कामाचा गोठा-कोठार झाला होता. शिक्षा झाली ती जागा संग्रहालय झाली. शहाणपण आले ती जागा गोठा झाली. यात कोणाचा दुष्टावा होता असे नाही. न्यायालय सरकारचे होते, त्याला छप्पर घालणारा खजिना होता. प्रार्थनागृह मजुरांचे होते. ते गेले, कॅनडात पोहोचले, आणि त्यांच्या खोलीला वाली उरला नाही.

भिंती कोसळायला आल्या, धोक्यातील ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिचे नाव चढले. तेव्हा गावातील काही मंडळी पुढे आली. २०१५ साली त्यांनी एक विश्वस्त मंडळ स्थापन केले, इमारत ताब्यात घेतली, वर्गण्या मागितल्या, आणि राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून वारशासाठी जो निधी दिला जातो, त्याची मदत मिळविली. नाव मोठे असले तरी इमारत किती लहान म्हणाल? आपल्याकडच्या एखाद्या जुन्या समाजमंदिराएवढी.

तिच्या भिंती कशाच्या आहेत ते ऐका. त्या भागात चिकणमाती आणि गवताचा काड एकत्र तुडवून, थरावर थर चढवून जाड भिंती उभारतात. त्याला ते लोक कॉब म्हणतात. आपण आपल्या पांढऱ्या मातीच्या भिंती घालत आलो त्यातलाच हा प्रकार. अशा भिंतीविषयी तिकडे एक समज आहे, की तिच्या डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले जोडे असले की ती शतके उभी राहते. टोपी म्हणजे छप्पर, जोडे म्हणजे दगडाचा पाया. दुरुस्ती करणाऱ्या जाणकारांचा आणखी एक इशारा असतो. अशा भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा करू नये. माती श्वास घेते. आत शिरलेला ओलावा तिला बाहेर टाकावा लागतो. सिमेंटने तोंड बांधले की पाणी आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. म्हणून मातीला मातीने जोडायचे आणि वरून चुन्याचा गिलावा द्यायचा.

एवढी खटपट कशाला, असा प्रश्न तिकडेही निघू शकतो. त्याच गावात संग्रहालय आहे, कमान आहे, मेळावा आहे. तरीही ही खोली हवी, कारण इतर सगळ्या गोष्टी त्या सहा जणांसाठी इतरांनी केल्या. ही खोली त्या लोकांनी स्वतः केली. कमान सांगते की ही माणसे मोठी होती. मातीची भिंत सांगते की ही माणसे तुमच्या-आमच्यासारखी होती, आणि तरीही त्यांनी हे केले. दुसरी साक्ष पहिलीपेक्षा जास्त कामाची आहे.

या देशात हा धडा आपण वेगळ्या वाटेने शिकलो आहोत. एकत्र येणे हाच कट ठरविण्याची युक्ती येथेही होती. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनांना त्या आरोपापासून संरक्षण दिले. पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा मोठा संप घडवून आणला. त्या संपाची तारीख आपण लक्षात ठेवतो. पण त्या संपाला आलेला माणूस ज्या चाळीतल्या खोलीत, ज्या वस्तीतल्या रात्रशाळेत पहिले अक्षर शिकला, ती खोली कोठे आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

आता आमची चूक सांगतो.

आमच्या मूळ गावी पांढऱ्या मातीचे, कौलारू समाजमंदिर होते. आमच्या आजोबांच्या पिढीने ते श्रमदानाने बांधले. बायांनी ओढ्यावरून पाणी आणले, पुरुषांनी चिखल तुडविला. रात्री तेथे कंदील लावून शाळा भरे. आमची आजी तेथेच सही करायला शिकली. कोनाड्यात एक पत्र्याची पेटी असे, आणि तीत वर्गणीची वही. कोणत्या घराने किती आणे दिले, कोणी पायलीभर जोंधळे दिले, कोणी काहीच नाही म्हणून चार दिवस राबून दिले, असे सगळे त्या वहीत होते.

२००६ साली नवे सिमेंटचे सभागृह मंजूर झाले. निधी आला होता, मुदत संपत होती. आम्ही नुकतेच बँकेत लागलेले, म्हणून ठराव लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. जुनी वास्तू जीर्ण व निरुपयोगी झाल्याने पाडण्यात यावी, हे वाक्य आमच्या हस्ताक्षरातले आहे. आमचे चुलते, नाना, तेवढे म्हणाले, "पाडायचं तर पाडा बाबा. पण त्या चिखलात माझ्या आईचे पाय आहेत, एवढं ध्यानात असू द्या." आम्ही हसलो. म्हातारे माणूस, भावनेने बोलते, असे आम्हांला वाटले.

एका दिवसात भिंती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून शेतात टाकल्या. पेटी कोणी उचलली, वही कोठे गेली, याचा पत्ता लागला नाही. नवे सभागृह चांगले आहे, लग्नकार्याला उपयोगी पडते, त्याविषयी तक्रार नाही. जागा मागच्या बाजूलाही होती. जुने ठेवून नवे बांधता आले असते, हे कोणी सुचविले नाही, आम्हीही नाही. आज आमची मुलगी विचारते, की हे सभागृह कोणी बांधले? आम्ही निधीचे नाव सांगतो. त्याआधीचे कोणी बांधले? तेथे आम्हांला पाच-सहा नावांपलीकडे काही सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्याचा पैसा-पैसा जुळविणाऱ्या माणसाने आपल्या आजीच्या वस्तीचे खाते असे हरवून टाकले.

म्हणून आज हे बोलत आहोत. आपल्या संस्थेच्या आवारातील जुनी वाचनालयाची खोली पाडून तेथे मोठे सभागृह बांधावे, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांची तळमळ आम्ही जाणतो. पावसाळ्यात कार्यक्रमाला छप्पर नाही, मुलांना अभ्यासाला जागा नाही, हे खरेच आहे. सभागृह व्हायला हवे. आमची विनंती एवढीच, की ते आवाराच्या रिकाम्या बाजूला व्हावे आणि जुनी खोली राहू द्यावी.

केवळ राहू द्यावी असेही आमचे म्हणणे नाही. बंद ठेवलेली खोली आज ना उद्या पडतेच. टॉलपडलची खोली इतकी वर्षे उभी राहिली, ती गोठा म्हणून का होईना, पण वापरात होती म्हणून. आपण आपल्या खोलीत पुन्हा पुस्तके ठेवू. छपराची कौले बदलू, पायाशी साचणारे पाणी बाहेर काढू, आणि भिंतीला सिमेंट न लावता चुन्याचा हात देऊ. संस्थेची जुनी इतिवृत्ते आणि वर्गणीच्या वह्या एका कपाटात नीट लावू. ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे विचारून लिहून घेऊ; कोणी विटा दिल्या, कोणी रात्रीची राखण केली, कोणी शिकविले. हे लिहिण्याचे काम आम्ही स्वतः, रविवारी, विनामोबदला करू. एका ठरावाने जे घालविले, त्याची थोडी भरपाई आमच्या हातून व्हावी, एवढीच इच्छा आहे.

नाना आता हयात नाहीत. त्यांना उत्तर द्यायचे राहून गेले. ते आज आपल्यापुढे दिले, असे समजावे.

 पुढच्या सभेत प्रस्तावावर हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा त्या खोलीत जाऊन यावे आणि भिंतीला हात लावून पाहावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम! जय भारत!